पाटाखालचं पनीर

आमच्या विन्याला न्हावा शेव्याला नोकरी लागली आणि त्याची विचारायची सवय सुटली. आता तो फक्त सांगतो! दिवसभर ऑफिसात बसून कुठला कंटेनर कुठल्या जहाजावर चढवायचा ते सांगतो, आणि घरी आला की तोच सूर. "आई, खुर्ची इथे नको, तिथे ठेव." "आई, फोन असा धरायचा." "आई, बाबांना सांग, पाहुण्यांसमोर बनियनवर बसायचं नाही." अरे, ज्या बापानं उघड्या अंगानं होडी हाकून तुला शिकवलं, त्याला तू बनियन शिकवतोस? आम्ही काय कंटेनर आहोत?

तरी मी गप्प बसले होते. एकुलता एक पोरगा, तिशी उलटलेला, आणि त्यानं स्वतःच मुलगी शोधून माझे जोडे वाचवलेले. मुलीचं नाव सई. त्याच्याच ऑफिसातली, राहायला किहीमची. नारळी-पोफळीची मोठी वाडी, वडील हरीभाऊ हेडमास्तर म्हणून रिटायर होऊन घरी बसलेले, आई पद्माताई. माणसं सज्जन, पण सात पिढ्यांत घरात मासळीचा काटा शिरलेला नाही. आणि आमच्याकडे सुकटीचा वास आल्याशिवाय पाळण्यातलं पोर झोपत नाही!

मुलीचा होकार होता. हरीभाऊंनी मात्र सांगितलं होतं, "एकदा घर बघतो, माणसं बघतो, मग काय ते बोलू." रविवारी दुपारी जेवायलाच येणार होते. म्हणजे साखरपुडा व्हायचा की नाही, ते माझ्या चुलीवर ठरणार होतं.

मला काडीची चिंता नव्हती. मी केसर! शाळेत चौथीपर्यंत गेले, त्यातलं दुसरीपर्यंतचं आठवतं, पण चुलीपुढं मला अजून कुणी नापास केलेलं नाही. माझ्या कालवणाचा वास रेवसच्या धक्क्यावर गेला तर लाँच रिकामी सुटते, असं लोक म्हणतात. कोण लोक ते विचारू नका. मीच म्हणते.

शनिवारी संध्याकाळी विन्या एक पाकीट घेऊन आला आणि माझ्या पुढ्यात ठेवलं.

"आई, उद्या पनीर करायचं. माइल्ड."

"म्हणजे कसं रं?"

"सौम्य. तिखट नाही, आंबट नाही, झणझणीत काहीच नाही."

"मग राहिलं काय?"

"काजूची पेस्ट, मलई, जरासा गरम मसाला. हॉटेलात असतं तसं."

"आणि आपला मसाला?"

"डब्याचं झाकणसुद्धा उघडायचं नाही! सईच्या बाबांना पित्त आहे."

"अरे, मग गुरगुट्या भात करू. आजाऱ्याला तोच बरा."

"आई, प्लीज! शाकाहारी माणसांना पनीर लागतं. आणि ते वालाचं बिरडं नको हं. गावठी वाटतं."

वाल गावठी! थंडीचे दिवस, वाल असे कोवळे की बोटानं साल निघते, आणि हा म्हणतो गावठी. मी मान डोलावली. आमच्यात पोराचं ऐकून घ्यायची पद्धत आहे, सगळंच ऐकायची नाही. वाल मी दुपारीच सोलून ठेवले होते.

मग पाकीट हातात घेतलं. पांढरं, गार, ना डोळा, ना कल्ला, ना खवला! ताजं की शिळं ते ओळखायचं कुठून? सवयीनं बोटानं दाबून बघितलं. दाबलेलं वर आलं. म्हटलं, असेल ताजं.

"फ्रीजमध्ये ठेवू नको हं," विन्या जाता जाता म्हणाला. "पनीर वास धरतं."

हे मात्र मला पटलं. आमच्या फ्रीजमध्ये दुधाची पिशवी रात्रभर ठेवली तर सकाळी चहाला बोंबलाची चव येते. आम्हाला चालते, हेडमास्तरांना कशी चालायची? कुणाचा धर्म बुडवून पोराचं लग्न जुळवायची माझी रीत नाही. म्हणून मी माळ्यावरून गणपतीची भांडी उतरवली. कोळ्याच्या घरात ही भांडी वेगळी असतात. वर्षातून एकदा नैवेद्याला खाली येतात, त्यांना मासळीचा वाससुद्धा लागत नाही. आणि पनीरासाठी थर्माकोलची कोरी पेटी काढली, तळाला बर्फ घातला, वर पनीर ठेवलं आणि पेटी पडवीत गार जागेवर लावून दिली. विन्यानं नुसतं सांगितलं होतं, मी त्याच्या पुढचा विचार केला होता! स्वतःवर खूश होऊन झोपले.

सकाळी उठले तर आमचे हे घरात नव्हते. हे म्हणजे शिवदास, विन्याचा बाप. मोठ्या बोटीवर जायचं सोडलं तरी अंगातली खाडी सुटलेली नाही. उजाडलं न उजाडलं की दोर आणि गळाची गरी घेऊन खाडीकाठच्या खडकावर जाऊन बसतात. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन पुढच्या महिन्यात, असं दर महिन्याला म्हणतात. म्हटलं, बरंच झालं. पाहुणे यायच्या वेळी बाप खडकावर असलेला चांगला.

विन्या पाहुण्यांना आणायला किहीमला गेला. त्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे, पण रस्ता सांगायला नको का त्यांना, त्यांच्याच गावातून!

मी चूल पेटवली. आधी वालाचं बिरडं करून टाकलं, गणपतीच्याच लहान पातेल्यात, आणि झाकून कोपऱ्यात सारलं. कोऱ्या तव्यावर तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या. मग काजू. मिक्सरमध्ये परवा जवळ्याची चटणी वाटलेली, त्यामुळे तो बाद. पाटा-वरवंटा तर जन्माचाच बाटलेला. शेवटी नैवेद्याला वेलची कुटायचा पितळी खलबत्ता घेतला. चिमुकला! एका वेळी चार काजू मावतात. कुटता कुटता माझा दंड असा भरून आला की वाटलं, विन्याच्या लग्नात अक्षता डाव्या हातानं टाकाव्या लागणार.

मग पनीर आणायला पडवीत गेले. पेटीचं झाकण उघडलं.

आत बर्फाचं पाणी आणि फाडलेलं प्लॅस्टिक. बस्स!

मांजर! दुसरं कोण? आणि वाडीतलं एवढं धीट मांजर एकच, शेजारच्या तुळशीचा बोका. मी कुंपणाशी जाऊन आवाज लावला.

"तुळशे! तुझ्या बोक्यानं माझं पनीर खाल्लं!"

"काय खाल्लं?"

"पनीर!"

"माझा बोका शिळ्या पापलेटाला तोंड लावत न्हाय, तो असलं काय खाईल?"

"मग कुणी खाल्लं? माझ्या व्याह्यांनी?"

"तुझे व्याही माझ्या ओळखीचे न्हाईत गो, मी कशाला त्यांचं नाव घेऊ?"

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी बोक्याची आई काढली, त्याचं बाप नसणं काढलं, आणि ओघात तुळशीच्या म्हशीच्या दुधात किती पाणी असतं तेही काढलं. सगळी वाडी दारात आली. समाधान वाटलं.

मग वाडीच्या दुकानात धावले. दुकानदार हसला. "मावशी, कोळीवाड्यात पनीर कोण घेणार? अलिबागला जावं लागेल." अलिबागला जाऊन येईपर्यंत हेडमास्तर हात धुऊन निघाले असते!

घरी येऊन डोकं धरून बसले. आणि आठवलं. पनीर म्हणजे काय? नासलेलं दूध! विन्याच्याच फोनवर बघितलं होतं. दूध नासवायचं, चोथा गाळायचा, धुवायचा, दाबायचा, झालं. त्यात काय मोठं? दूध पाहिजे होतं भरपूर. घट्ट. म्हशीचं.

आणि अख्ख्या वाडीत म्हैस एकट्या तुळशीकडे.

मी पातेलं पदराखाली धरून गेले. तुळशी ओट्यावर बसून मिश्री लावत होती. मला बघून तिनं अजून थोडी लावली.

"काय गो केसर? पाणी न्यायला आलीस?"

"तुळशे, पाव्हणे येतायत. विन्याचं लगीन अडलंय."

"माझ्या दुधानं अडलंय?"

"व्हय."

"देते. पण आधी बोक्याला सॉरी बोल."

"मांजराला?"

"मोठ्यानं. वाडीनं ते ऐकलं, हे पण ऐकू दे."

पोरासाठी आईला काय काय करावं लागतं! मी बोक्यासमोर उभी राहिले आणि खणखणीत आवाजात सॉरी म्हणाले. बोक्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाय वर करून चाटत बसला. एवढा माज मी सरकारी कचेरीतही पाहिला नव्हता.

दूध आलं, उकळलं. आता नासवायला लिंबू. घरात लिंबू एकच, दाराला मिरच्यांबरोबर टांगलेलं. पण वर्षभर लोकांची नजर पिऊन टम्म झालेलं लिंबू व्याह्यांना कसं घालायचं? दही नाही. चिंच घातली तर भलताच रंग. तेवढ्यात कोकमाच्या आगळाची बाटली दिसली. आंबट ते आंबट! ओतलं. दूध फाटलं, अगदी छान फाटलं. फक्त गुलाबी झालं!

नवरीला हळद लागायच्या आधीच पनीराला लाली चढली. आगळात मीठही असतं, म्हणून मी चोथा धुतला, पुन्हा धुतला. मीठ गेलं. गुलाबी काही जाईना.

कोऱ्या पंच्यात बांधून पुरचुंडी परातीत ठेवली. वर जड काहीतरी पाहिजे. पाटा-वरवंटा बाद, होडीचा नांगर तर विचारूच नका. घरात मासळी न लागलेलं जड असं काहीच नव्हतं. मग जेवायला बसायचा पाट पुरचुंडीवर ठेवला आणि पाटावर मी स्वतः बसले. मांडी घालून, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

अशी मी बसलेली असताना आमचे हे दारात उभे राहिले.

"काय गो केसर, औंदा गणपती लवकर बसला?"

"गप बसा."

"आरती करू काय? विसर्जन कवा?"

बोलता बोलता त्यांनी पाठीमागचा हात पुढं केला. आणि हातात जिताडा! जिवंत! विन्या जन्मला तेव्हा एवढा नव्हता. खाडीचा जिताडा आणि तोही असला, म्हणजे आमच्याकडे दिवाळीच. रागाच्या भरातही माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"अगं बया! कशावर लागला?"

"तू माकूल सोलून ठेवलीस ना पेटीत? आमिषाला? पांढरी फेक! गरीवर टिकत नव्हती, भुसभुशीत होती, पण यानं अशी गिळली अशी गिळली..."

माझ्या डोक्यात पेटीचं झाकण दुसऱ्यांदा उघडलं.

"अवो, माकूल मासळी कसली, ते पनीर होतं!"

"व्हय? तरीच म्हटलं, माकलीला वास कसा न्हाय."

मी उठू शकत नव्हते म्हणून माणूस वाचला. उठले असते तर पनीर मोडलं असतं, आणि विन्याचं लग्नही.

"आता पाव्हण्यांना मी काय घालू?"

"जिताडा घाल! जिताड्याहून मोठा मान कंचा?"

"ते मासळी खात न्हाईत!"

"जिताडासुद्धा?"

हे त्यांनी इतक्या दुःखानं विचारलं की जणू हरीभाऊंना काही बरा न होणारा आजार आहे.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मी भराभर हुकूम सोडले. जिताडा मोरीत, त्यावर टोपली, टोपलीवर दगड. यांनी अंगात शर्ट घालायचा. आणि पाहुणे जाईपर्यंत तोंडातून मासळीचं नाव काढायचं नाही!

"एकाही मासळीचं?"

"एकाही!"

पाहुणे आले. हरीभाऊ उंच, चष्म्यातून घर न्याहाळत. पद्माताई हसऱ्या. सईनं वाकून नमस्कार केला. विन्या मधोमध उभा राहून "काका, इथे बसा, काकू, पंखा तिकडे आहे" असं सांगत होता. मी आत जाऊन पुरचुंडी सोडली. पनीर कसलं, खोबऱ्याच्या वड्या मोडल्यावर ताटाला चिकटून राहतो, तसा नुसता भुगा! काजूच्या रश्शात सोडलं, मलई घातली, मिठाचा खडा टाकला. चव बघितली. जिभेनं थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारलं, अजून काही येणार आहे का?

मसाल्याचा डबा फळीवरून माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे पाठ केली.

पंगत बसली. मी पानात गुलाबी पनीर वाढलं. सगळे वाकून पानात बघू लागले.

"रंग... छान आलाय," पद्माताई म्हणाल्या.

"हॉटेलसारखा!" विन्या म्हणाला, आणि इतका फुगला की मला वाटलं हा उडून आढ्याला लागतो.

हरीभाऊ एक घास घ्यायचे आणि एक घोट पाणी प्यायचे, गोळी घेतल्यासारखे. आमचे हे पनीराकडे बघत बसले होते, आमिष फुकट जाताना बघावं तसे. तरी सगळं सुरळीत चाललं होतं. पद्माताईंनी "थोडंच वाढा" म्हटलं, मी मोठा डाव वाढला. मान म्हणजे मान!

आणि मोरीतून आवाज आला. धाड्!

"काय पडलं?" हरीभाऊ थबकले.

"काही नाही, मांजर," मी म्हणाले. आज बोक्याच्या नावावर दुसरं पाप.

धाड्! धाड्! दगड गडगडला, टोपली उलटली, आणि आमचा जिताडा मोरीच्या कठड्यावरून उडी मारून सरळ पंगतीसमोर येऊन पडला! पद्माताईंनी पाय पोटाशी ओढले. सई भिंतीला चिकटली. विन्याचा चेहरा पनीरासारखा झाला, दुकानातल्या, पांढऱ्या.

आता गाडी काढायला सांगणार, असं वाटून मी डोळे मिटले. तर हरीभाऊ चष्मा सावरून पुढं वाकलेले!

"जिताडा? एवढा? लहानपणी आमच्या खाडीत बघितला होता, नंतर नाहीच. आम्ही खात नाही, पण बघायला काय जातं? शिवदासराव, कशावर लागला हो?"

आमचे हे माझ्याकडे बघत राहिले. मासळीचं नाव काढायचं नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात सगळी मासळी बाजूला केली आणि छाती पुढं काढून म्हणाले,

"पनीरावर!"

पंगतीतले सगळे डोळे आधी जिताड्याकडे गेले. मग सावकाश ज्याच्या त्याच्या पानाकडे वळले.

पद्माताईंचा घास हवेतच राहिला. "म्हणजे... हे त्यातलंच उरलेलं?"

"मासळीचं नाव काढलं न्हाय हां मी, पनीर बोललो!" हे मला म्हणाले.

"बाबा!" विन्या किंचाळला.

मग मी पदर खोचला आणि सगळं सांगून टाकलं. लपवाछपवी मला जमत नाही, आणि जमली असती तरी जिताड्यानं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. पेटी सांगितली, मोतीबिंदू सांगितला, तुळशीची म्हैस, आगळ, पाट, सगळं. "ताई, तुमच्या पानातलं पनीर गरीला लागलेलं न्हाय. घरच्या दुधाचं हाय. भांडी गणपतीची हायत, त्यात आमचीसुद्धा मासळी कधी शिजलेली न्हाय. मी मांजराची माफी मागून हे पनीर केलंय. आता उठायचं तर उठा."

कुणी उठलं नाही. सई तोंडाला ओढणी लावून हलत होती. आधी वाटलं रडते. रडत नव्हती. पद्माताईंनी हातातला घास पानात ठेवला आणि म्हणाल्या,

"केसरताई, तुम्ही खरं बोललात, मीही बोलते. आमच्या घरात पनीर कुणीच खात नाही. मला तर त्यापेक्षा खोडरबर बरं वाटतं."

"मग मुकाट्यानं खात काय होता?"

"विनेश म्हणाले, आईला पनीर फार आवडतं, आवर्जून करणार आहे, नाही म्हणू नका!"

मी विन्याकडे बघितलं. विन्या पंख्याकडे बघत होता.

"आणि भाऊ, तुमचं पित्त?"

"मला?" हरीभाऊ म्हणाले. "कसलं पित्त? हा घरी आला होता तेव्हा मी भाजीतली मिरची बाजूला काढली, तेवढंच. किडकी होती ती!" मग नाक वर करून त्यांनी हवेचा वास घेतला. "पण मगाचपासून विचारीन म्हणतोय. वालाचं बिरडं केलंय का कुठे? वास येतोय, आणि इथे पानात हे..."

पुढचं त्यांनी गिळलं. मी कोपऱ्यातलं पातेलं असं पुढं ओढलं की झाकण घरंगळत जिताड्यापर्यंत गेलं. भाकऱ्या काढल्या. फळीवरचा मसाल्याचा डबा काढून चिमूटभर वरून पेरला. मग जेवण झालं, त्याला जेवण म्हणतात! हरीभाऊंनी पातेलं असं पुसलं की गणपतीला ते घासायचंसुद्धा राहिलं नाही. आमचे हे पंगतीतून उठले, जिताड्याला दोन हातांनी उचलून पुन्हा मोरीत नेलं आणि टोपलीवर या खेपेला दोन दगड ठेवून आले.

हात धुऊन हरीभाऊ पडवीत टेकले आणि सुपारी कातरत म्हणाले, "घर बघितलं, माणसंही बघितली. पुढच्या महिन्यात साखरपुडा करून टाकू. बिरडं मात्र तुम्हीच करायचं हं, ताई."

मी देवाला हात जोडायला वळते आहे, तोच विन्या फोन काढून मधोमध येऊन उभा!

"काका, टेन्शन नाही. साखरपुड्याचा मेनू माझ्या डोक्यात तयार आहे. स्टार्टरला पनीर टिक्का, मग पनीर माइल्ड..."

हरीभाऊंनी अडकित्ता खाली ठेवला. मोरीतून फक्त एकदा धाड् झालं.

मी म्हटलं, "विन्या, या दोन घरांत मिळून पनीर जिवापाड आवडणारा एकच निघाला, आणि तो मोरीत टोपलीखाली पडलाय. मेनू ठरवण्याआधी आयुष्यात एकदा तरी कुणाला तरी विचार. जा, त्याच्यापासून सुरुवात कर!"